उद्याच्या सत्काराची शाल

राजाराम गेले आठ दिवस आईशी गोड बोलत होता आणि सुंदराबाईला ते सहन होत नव्हतं.

एरवी या माणसाचं आईशी बोलणं म्हणजे दारातून आत येताना "जेवलीस?" आणि दारातून बाहेर पडताना "येतो". मधला सगळा वेळ कार्यकर्त्यांचा. आणि आता बघा. सकाळी उठून विचारतो, आई, गुडघ्याला तेल लावू का. परवा विधानभवनातून येताना पांढरं सुती लुगडं घेऊन आला, निळ्या काठाचं, आणि वर म्हणतो, तुझ्या पसंतीचा काठ आहे. तिची पसंती त्याला कधीपासून कळायला लागली? काल तर हद्द झाली. टीव्हीवर त्याचीच बातमी चालू होती आणि त्याने आवाज बंद केला, का, तर आईचा डोळा लागलाय. सुंदराबाई झोपली नव्हती, नुसती डोळे मिटून पडली होती. राजाराम स्वतःचा आवाज स्वतः बंद करतो म्हणजे आत काहीतरी मोठंच शिजत होतं.

तिला हा गोडवा नवा नव्हता. आजवर तीनदा चाखला होता.

पहिल्यांदा तो गोड झाला तेव्हा त्याला कांजूरमार्गच्या कारखान्यातली कायमची नोकरी सोडायची होती. महामाया वसाहतीतला सार्वजनिक संडास पडला होता आणि पालिकेचा साहेब तारखांवर तारखा देत होता. राजारामने एका सकाळी अख्खी वसाहत डबे घेऊन वॉर्ड ऑफिसच्या दारात रांगेत उभी केली. बायका, म्हातारे, शाळेची पोरं. साहेब आला, चिडला, पोलीस बोलावले, पण रांग हलली नाही. आठवड्यात गवंडी कामाला लागले आणि राजाराम पुढारी झाला. दुसऱ्यांदा गोड झाला तेव्हा वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला होता आणि त्याला बायकोला, द्रौपदीला, उभं करायचं होतं. म्हणजे पोरगं सासूने सांभाळायचं. तिसऱ्यांदा गोड झाला तो आमदार झाल्यावर. तेव्हा त्याला वसाहत सोडून घाटकोपरला सातव्या मजल्यावर यायचं होतं. "आई, आमदाराची आई पत्र्याखाली राहते हे बरं दिसत नाही." कुणाला बरं दिसत नाही, हे सुंदराबाईने तेव्हा विचारलं नव्हतं. लिफ्ट बघून तीही थोडी हरखली होती.

त्यानंतर राजाराम एकदा पडला, बाकी दर वेळी निवडून आला, आणि गेल्या दोन वर्षांपासून तो विधानसभेतला विरोधी पक्षनेता होता. मंत्र्याच्या तोलाची गाडी, दारात पोलीस. त्याला आता आईकडून मागण्यासारखं काय उरलंय, याचाच ती आठ दिवस विचार करत होती.

रविवारी नवऱ्याचा स्मृतिदिन होता. भंतेजी येऊन गेले, त्रिशरण-पंचशील झालं, धम्मदेसना झाली. भंतेजींना राजारामने स्वतः वाढलं, गाडीपर्यंत पोचवलं, आणि घरात फक्त घरची माणसं उरली. सगळे पांढऱ्या कपड्यांत. सुंदराबाई हॉलमधल्या आपल्या लाकडी खुर्चीत बसली होती. त्या खुर्चीतून स्वयंपाकघराचं दार, बाल्कनी आणि जिन्याचं दार, तिन्ही दिसतात. उगाच नाही ती खुर्ची तिथे.

शकु तेवढ्यात आली. सुंदराबाईची मधली मुलगी, अजून महामाया वसाहतीतच राहणारी, जुन्या खोलीत, जिथे ही सगळी भावंडं वाढली. तिथल्याच अंगणवाडीत काम करते. चप्पल काढायच्या आधीच तिने विचारलं, "आई, मैदानात मंडप कसला पडतोय गं?"

"मला काय विचारतेस? मी सातव्या मजल्यावर असते."

"दादाचीच माणसं आहेत. विचारलं तर बोलतात, ताई, सरप्राइज आहे."

सुंदराबाईने धाकट्या मुलाकडे बघितलं. नंदकिशोर बोरिवलीच्या बँकेत मॅनेजर, राहायला चारकोपला, आणि डोकं कायम राजारामच्या खिशात. त्याने चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसायला घेतला. चष्मा लागल्यापासून त्याची ही खोड होती. खोटं बोलायच्या आधी काच पुसायची.

"काय रे नंद्या, मंडप कसला?"

"मला काय माहीत, आई. पक्षाचं काहीतरी असेल."

"पक्षाचं असेल तर पक्षाच्या माणसाने सांगावं. तुझी काच किती वेळ पुसतोस? फुटेल."

शकु हसली, पण लगेच तिचा चेहरा उतरला. "लोक मला विचारतात, आई. तुझा भाऊ विरोधी पक्षनेता, तुला माहीत नसणार तर कुणाला. उद्या तो कायदा येतोय ना सभागृहात. कुणाला झोप नाही वसाहतीत. शेजारची विमला तर रोज येऊन बसते. काय होणार गं, काय होणार गं."

त्या कायद्याचं सुंदराबाईलाही ठाऊक होतं. आज कुठलीही वसाहत पाडायची तर तिथल्या निम्म्याहून जास्त घरांनी हो म्हणावं लागतं. उद्याचं विधेयक मंजूर झालं की ते हो विचारायचीच गरज उरणार नव्हती. सरकार ठरवेल ती जमीन, सरकार ठरवेल तो बिल्डर, आणि माणसांनी सामान बांधून सांगतील तिथे जायचं. महामाया वसाहतीची जमीन रेल्वेपासून हाकेच्या अंतरावर. तिच्यावर कुणाकुणाचा डोळा आहे हे वसाहतीतलं शेंबडं पोरही सांगेल. गेल्याच महिन्यात राजाराम तिथे जाऊन गरजला होता की हे विधेयक माझ्या प्रेतावरून जाईल. बायका रडल्या होत्या. शकुने तो व्हिडिओ दहा जणींना पाठवला होता.

"दादा आहे ना," नंदकिशोर म्हणाला. "कशाला घाबरायचं?"

"तू आधी काच पुसायची थांबव," सुंदराबाई म्हणाली.

राजाराम वर आला. पांढराशुभ्र कुर्ता, केस मागे वळवलेले, त्रेसष्टीतही ताठ. त्याच्यामागे त्याचा मुलगा चैतन्य, दोन फोन दोन हातात. चैतन्य पक्षाच्या युवा आघाडीचा काहीतरी होता. काय ते सुंदराबाईला नीट पाठ होत नव्हतं, पण घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत दर सणाला फ्लेक्सवर त्याचा फोटो राजारामच्या फोटोला लागून येऊ लागला होता, आणि दर सणाला थोडा मोठा होऊन.

पानं मांडली. राजारामने शकुला हाताला धरून आपल्या शेजारी बसवलं आणि स्वतः तिच्या वाटीत खीर घातली.

"खा गं, शके. बाबांना आवडायची."

शकु भारावली. सुंदराबाईचा घास हातातच राहिला. हा माणूस भाऊबिजेला बहिणीच्या घरी पीए पाठवतो आणि आज वाटीत खीर घालतोय. म्हणजे गोडवा तिच्यापुरता नव्हता. घरभर सांडला होता.

दारात द्रौपदी भाकऱ्यांची टोपली घेऊन उभी होती. राजारामची बायको. पाच वर्षं नगरसेविका होती, त्या वॉर्डाची. तेव्हा कागदावर सही तिची, बोलणं राजारामचं. त्या पाच वर्षांत ती जी बोलायची थांबली ती अजून थांबलेलीच होती. सुंदराबाईला ती नवऱ्याची सावली वाटायची, आणि सावलीवर विश्वास कोण ठेवतं?

"आई," राजाराम म्हणाला, वरण कालवत, अगदी सहज, "उद्या संध्याकाळी सहाला वसाहतीत यायचंय तुला. गाडी पाठवतो."

सुंदराबाईने घास खाली ठेवला. आलं बाहेर.

"कशाला?"

"छोटासा कार्यक्रम आहे. तुझ्या हातून शाल घालायची आहे."

"कुणाला?"

राजाराम हसला. "मला. लोकांचा आग्रह आहे. बोलले, साहेब, मोठे मोठे पाहुणे नकोत, आईच्या हातूनच सत्कार करू."

"कुठले लोक?" शकु म्हणाली. "मी वसाहतीतच राहते. मला कुणी आग्रह केला नाही."

"आत्या, कमिटीने ठरवलंय," चैतन्य म्हणाला. "सगळं फिक्स आहे. ते लुगडं आणलंय ना पप्पांनी, ते नेस आजी. व्हिडिओत पांढरं छान दिसतं."

तर लुगड्याचा असा हिशेब होता. सुंदराबाईने पाण्याचा घोट घेतला.

"सत्कार कशाबद्दल?"

"आजी, उद्या पप्पा विधानसभेत इतिहास घडवणार आहेत."

"उद्या घडवणार. आणि मंडप आज."

"तयारी करायला नको?"

"कायदा पडणार म्हणून सत्कार?"

चैतन्यने बापाकडे बघितलं. राजाराम भाकरी मोडत होता. नंदकिशोरने चष्मा काढला.

"तसं नाही," चैतन्य म्हणाला. "पप्पा कायद्याच्या निषेधार्थ सभात्याग करणार. सगळ्या विरोधी आमदारांना घेऊन. पायऱ्यांवर घोषणा, सगळे चॅनेल लाइव्ह. नंतर तिथून थेट वसाहतीत. झकास प्लॅन आहे, आजी. लोक खांद्यावर घेतील पप्पांना."

"बरं. मला अडाणीला नीट समजव. मी दुसरी शिकलेली." सुंदराबाईने ताट बाजूला सारलं. तिचा आवाज इतका मऊ झाला की द्रौपदीने टोपली खाली ठेवली. तिला हा आवाज माहीत होता. "तुम्ही बाहेर पडणार कधी? मतं मोजल्यावर?"

"नाही, आधी. मतं सरकार मोजतंय, आपण त्यात भाग का घ्यायचा? तोच तर निषेध."

"आणि तुम्ही पायऱ्यांवर असताना आत कोण असेल?"

"आत?"

"आत. खुर्च्यांवर."

मग नंदकिशोरच्या तोंडून निघून गेलं, "सरकारी बाजूचे."

"मी गॅलरीत बसलेय दोनदा," सुंदराबाई म्हणाली. "तिथे तो उंच खुर्चीवाला विचारतो, होय म्हणणारे होय म्हणा. मग विचारतो, नाही म्हणणारे नाही म्हणा. जिकडे आवाज जास्त तिकडे तो. कुणी हट्ट धरला तर माणसं उभी करून मोजतात. बरोबर का, राजा?"

"बरोबर, आई."

"मग उद्या तो विचारेल नाही कोण म्हणतं, तेव्हा नाही म्हणायला तिथे पंखे असतील."

राजारामने भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "आई, तू गॅलरीतून बघतेस त्यापेक्षा हे वेगळं असतं. आकडा त्यांच्याकडे आहे. आम्ही बसलो काय, उठलो काय, विधेयक मंजूर होणारच. बसून हरलो तर बातमी सरकारची. उठून गेलो तर बातमी आपली. राजकारणात कधी कधी हरणंसुद्धा नीट हरावं लागतं."

हे तो छान बोलला. शकुनेसुद्धा मान डोलावली. सुंदराबाईजवळ आकडा नव्हता. सभागृहात कोण कुणाच्या बाजूचं हे तिला कुठून कळणार? गोडव्याला पकडता येतं, आकड्याला कसं पकडायचं?

"आकडा नाहीये त्यांच्याकडे."

सगळ्यांनी मागे बघितलं. द्रौपदी दाराला टेकून उभी होती. पदराला हात पुसत होती, जणू तिने भाजीत मीठ कमी आहे एवढंच सांगितलं होतं.

"काय बोलतेस?" राजाराम म्हणाला.

"त्यांच्या मित्रपक्षाचे आमदार रुसलेत. उद्या येणार नाहीत सभागृहात. तुम्ही सगळे बसलात आणि मोजायला लावलंत तर विधेयक पडतं. परवा तुम्हीच फोनवर बोलत होतात. मी चहा घेऊन उभी होते."

"द्रौपदी, तुला काय कळतं त्यातलं?"

"पाच वर्षं पालिकेत बसलेय. मोजायला शिकले तिथे. बोलायला नाही शिकवलंत, ते सोडा."

सुंदराबाईने सुनेकडे बघितलं. तीस-बत्तीस वर्षांत या बाईचा चेहरा तिने असा समोरून कधी बघितलाच नव्हता की काय, असं तिला वाटलं.

शकु ताटावरून उठली. हात खरकटा तसाच. "दादा? खरं का हे?"

"बस, शके."

"नाही बसत. पडतंय ना विधेयक? पडतंय आणि तू पाडत नाहीस? प्रेतावरून जाईल बोललास तू. माझ्यासमोर. पोरांना कडेवर घेऊन बायका ऐकत होत्या."

"प्रेत कशाला लागतंय?" सुंदराबाई म्हणाली. "रिकाम्या बाकावरून सरळ जाईल. मध्ये कुणी आडवंच नसेल तर."

"आजी, प्लीज," चैतन्य म्हणाला. "तुला सगळं माहीत नाही."

"मग सांग."

चैतन्य फोनची स्क्रीन चाळायला लागला.

"मी सांगते," द्रौपदी म्हणाली.

"मम्मी, तू मध्ये पडू नकोस."

"विधान परिषदेची जागा रिकामी होतेय. सरकारकडून कुणी उभं राहणार नाही. चैतन्य बिनविरोध." तिने हे इतक्या सरळ सांगितलं की कळायला सगळ्यांना थोडा वेळ लागला. "उद्याच्या बदल्यात."

"मम्मी, तुला स्वतःच्या मुलाचं चांगलं व्हावं असं वाटत नाही का?"

"वाटतं. म्हणून बोलले. दुसऱ्याने मांडलेल्या खुर्चीत कसं बसतात ते मला विचार. पाय जमिनीला लागत नाहीत रे पाच-पाच वर्षं."

चैतन्यने दोन्ही फोन टेबलावर आपटले आणि बाल्कनीत निघून गेला. नंदकिशोर आईकडे सरकला.

"आई, शांतपणे विचार कर. विधेयक उद्या पडलं तरी ते परत आणणार. सरकार आहे ते. आज दादाकडे काहीतरी देण्यासारखं आहे म्हणून समोरचा काहीतरी देतोय. उद्या दादाचं पद गेलं तर कुत्रं विचारणार नाही आपल्याला. व्यवहार बघावा लागतो."

"तुला यात काय मिळतंय?"

"मला? मला काय मिळणार?"

"मग फुकट कशाला काच पुसतोस?"

पण सुंदराबाईचं लक्ष नंदकिशोरकडे नव्हतं. ती राजारामला बघत होती, आणि राजाराम शकुला. तो उठला, बहिणीच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिला खिडकीकडे नेलं. तो हळू बोलला, पण शकुचं ऐकून सुंदराबाईला सगळं कळत गेलं.

"पहिली इमारत? मैदानाच्या बाजूची?" शकु म्हणाली. मग पुन्हा, "तळमजला नको, पाणी भरतं."

शकु परत आली ती हळूहळू. पाटावर बसली. खीर निवली होती, तिने चमचा फिरवला.

"शके," सुंदराबाई म्हणाली, "तुझं घर पक्कं झालं?"

"दादा बोललाय तर होईल, आई."

"आणि विमलाचं?"

शकुने वर बघितलं नाही. "सगळ्यांचं मी कुठून बघू, आई? मी अंगणवाडीतली बाई. मला माझं बघू दे." तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि त्या पाण्याचा तिलाच राग येत होता. "तू इथे लिफ्टने वर येतेस. मी अजून त्या नाल्याकडेच राहते. तुला सोपं आहे बोलायला."

हे लागलं. पोरगी खोटं बोलत नव्हती. मघापासून जिला ती आपल्या बाजूची धरून बसली होती ती पलीकडे गेली आणि जिला सावली समजत होती ती एकटी अलीकडे उभी होती. माणसं ओळखण्याचा तिला मोठा अभिमान. आज तो अभिमान नाकावर आपटला होता.

"आई, जरा आत ये," राजाराम म्हणाला.

आतल्या खोलीत त्याने दार लावलं आणि तो पलंगाच्या कडेवर बसला. तिला खुर्ची दिली. कुर्त्याचं वरचं बटण त्याने सैल केलं, आणि एकदम वयाचा दिसायला लागला. कानामागचे केस रंगवायचे राहिले होते.

"मी थकलोय, आई." आवाजात गोडवा नव्हता. आठ दिवसांत पहिल्यांदा तो तिच्याशी खरं बोलत होता. "किती वर्षं झाली विरोधात ओरडतोय. एकदा निलंबित केलं मला, वर्षभर सभागृहाची पायरी चढू दिली नाही. तेव्हा वसाहतीचं पाणी घेऊन गेलो होतो ना बाटलीत, अध्यक्षांच्या टेबलावर ओतायला. लोक अजून सांगतात ती गोष्ट. पण पाणी साफ यायला त्यानंतरही किती वर्षं गेली, ते कुणी सांगत नाही. पक्षात आता उरलंय कोण? माझ्याच मागच्या बाकावरचे कुणाच्या बंगल्यावर जाऊन बसतात मला माहीत आहे. उद्या मी मोजायला लावलं आणि त्यातलेच दोघं फुटले, तर मी हरलोही आणि नेतेपदही गेलं. हाती काय? निदान चैतन्यचं बस्तान बसतंय. आपल्या घरातलं कुणीतरी तिथे राहील. मी गेल्यावर."

सुंदराबाईला त्याच्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटला. बोटं उचललीही होती. तो खरंच दमला होता, आणि तिच्यासमोर तो असा शेवटचा कधी बसला होता हे तिला आठवत नव्हतं. पण त्याच क्षणी तिला शंका आली, हाही गोडवाच नसेल ना? तिखट चवीचा? ती स्वतःवरच चरफडली. पोराच्या थकण्यावरही विश्वास बसेना इतकं त्याने तिला कधी करून ठेवलं?

"दोघं फुटतील म्हणालास."

"फुटू शकतात."

"म्हणजे नक्की नाही."

"राजकारणात नक्की काहीच नसतं."

"मग तू नक्की कशाला करतोस? फुटायचे ते फुटू देत. त्यांचं तोंड लोकांना दिसेल. तू बस. ओरडू नकोस, पाणी ओतू नकोस, इतिहास नको. नुसतं बाकावर बसून राहा आणि विचारलं की नाही म्हण. एवढं जमेल का?"

राजाराम जमिनीकडे बघत राहिला. बाहेर मेट्रो गेली, खिडकीची काच थोडी थरथरली.

"शब्द दिलाय, आई."

"आम्हालाही दिला होतास."

"तो भाषणातला."

हे तो असं म्हणाला, जणू वाद तिथेच मिटला होता. भाषणातला शब्द वेगळा आणि बंगल्यावरचा वेगळा, हे आईला कळायला हवं, असा त्याचा सूर होता. सुंदराबाईच्या बोटांत मघाशी आलेली माया गेली. तिने गुडघ्यावर हात टेकले आणि उठली.

"तू येतेस ना उद्या?" त्याने विचारलं. "तू नाही आलीस तर लोक विचारतील. वसाहत तुझं तोंड बघून टाळ्या वाजवते, आई. माझं नाही. मला माहीत आहे ते."

तर गुडघ्याचं तेल, निळा काठ, बंद केलेला टीव्ही, सगळं ह्यासाठी होतं. तिचं तोंड हवं होतं.

"दार उघड," ती म्हणाली.

हॉलमध्ये सगळे होते तिथेच होते. शकु भिंतीला टेकून. नंदकिशोर फोनवर काहीतरी टाइप करत. चैतन्य बाल्कनीतून आत आला, आजीच्या चेहऱ्यावर निकाल वाचायला. द्रौपदी ताटं गोळा करत होती, ती थांबली. सुंदराबाई खुर्चीत बसली नाही. कपाटातली कापडी पिशवी काढली, तिच्यात दोन लुगडी आणि गोळ्यांचं पाकीट टाकलं. नवं पांढरं लुगडं तसंच ठेवलं.

"द्रौपदे, मला खाली रिक्षा करून दे. साहेबांची गाडी नको."

"कुठे निघालीस?" राजाराम म्हणाला. "आई, तमाशा करू नकोस. खाली पत्रकार असतील."

"मी येते सोबत," द्रौपदी म्हणाली आणि हात धुवायला गेली. राजारामने तिच्याकडे असं बघितलं, जणू घरातली एखादी भिंत चालायला लागली आहे.

"शकुकडे जातेस का?" नंदकिशोरने विचारलं.

"शकुला तिचं बघू दे. मी विमलाकडे जाते."

शकुने तोंड पदरात लपवलं. सुंदराबाई राजारामसमोर जाऊन उभी राहिली. तो तिच्याहून दीड हात उंच. तिला मान वर करावी लागली, आणि तिने ती नीट वर केली.

"राजा, ऐक. तू पहिल्यांदा निवडून आलास तेव्हा मी वसाहतीत दारोदार पेढे वाटले. दर दारात सांगितलं, पोर माझं आहे, कुठे चुकलं तर माझ्याकडे या. लोक आले. गटार तुंबलं तरी आले, तू फोन उचलला नाहीस तरी आले. दर वेळी मी तुझी बाजू घेतली. बोलले, कामाचा माणूस आहे, चुकतो कधी कधी, मी बघते. उद्या संध्याकाळीही येतील. त्यांना घाटकोपरपर्यंत यायला लागू नये म्हणून मीच तिथे जाऊन बसते. तू आलास तुझ्या मंडपात तर तुझ्यासमोर सांगेन, नाही आलास तर घरोघर जाऊन सांगेन. ह्या वेळी माझं पोर चुकलं नाही. ह्या वेळी त्याने ठरवून केलं."